आलीझ-सँत-रेन: एका छोट्या फ्रेंच गावाच्या नावाची उकल

प्रश्न थोडक्यात असा आहे: बर्गंडीत गाडीने फिरताना टेकडीच्या उतारावरचं आलीझ-सँत-रेन हे छोटं गाव लागलं. तिथे एकाने सांगितलं की 'आलीझ' हे नाव झाडावरून पडलं. मुक्कामाच्या घरमालकांनी ते कड्यावरून पडल्याचं सांगितलं. नेटवर हर्क्युलिसची गोष्ट सापडली. यातलं खरं काय? 'सँत रेन' म्हणजे संत राणी, तर ही राणी कोण? रोमन सेनापती ज्यूलियस सीझरने वेढा घातलेलं अलेसिया शहर ते हेच का? आणि शेजारच्या फ्लाविन्यीच्या नावाशी याचा काही संबंध आहे का?

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. फ्रेंच गावांची जुनी नावं आणि ती ज्यात येतात ते शिलालेख, दानपत्रं, संतचरित्रं वाचणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यातही आलीझ हे माझं अत्यंत आवडतं गाव, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. गावाच्या नावाबद्दल आपण दोन निरनिराळे प्रश्न विचारत असतो आणि बहुतेक वेळा त्यांची सरमिसळ करतो. आजचं नाव कोणत्या जुन्या नावापासून आलं, हा पहिला प्रश्न. त्या जुन्या नावाचा अर्थ काय, हा दुसरा. आलीझच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर इतकं पक्कं आहे की फ्रान्समधल्या हजारो गावांना त्याचा हेवा वाटावा. दुसऱ्याचं उत्तर मात्र आजही दोन शक्यतांमध्ये अडकलेलं आहे. तुम्हाला भेटलेले दोघेही त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलत होते. दोघांनाही विद्वानांमध्ये पाठीराखे आहेत. हर्क्युलिसवाला मात्र बाद, पण त्याची गोष्ट दोन हजार वर्षं जुनी आहे, म्हणून तिच्याकडेही येऊ.

पहिला प्रश्न घेऊ. गाव कोत-दोर जिल्ह्यात, दिजाँच्या वायव्येला. वस्ती सहाशेच्या आसपास. गावाच्या डोक्यावर जी सपाट माथ्याची टेकडी आहे तिचं नाव मों ओस्वा, उंची 407 मीटर. त्या माथ्यावर 1839 साली एक चुनखडीचा शिलालेख सापडला. साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. लिपी रोमन आहे, पण भाषा लॅटिन नाही, गॉलिश आहे. म्हणजे रोमनांच्या आधीपासून त्या मुलखात बोलली जाणारी केल्टिक भाषा. गॉलिशमधलं लिखाण एकूणच थोडं सापडतं, आणि पूर्ण वाक्य हाती लागणं त्याहून दुर्मीळ. या दगडावर सहा ओळींचं सलग वाक्य आहे. दान्नोतालोसचा मुलगा मार्तिआलिस याने उकुएतिस देवाला 'केलिक्नोन' नावाची वास्तू अर्पण केली, असं त्यात आहे. पुढे त्या देवाची सेवा करणाऱ्या लोहारांचा उल्लेख येतो आणि वाक्य संपतं ते 'इन अलिसिइआ' या शब्दांवर. म्हणजे 'अलिसियामध्ये'.

मुलगा रोमन नावाचा, बाप गॉलिश नावाचा, देव स्थानिक, लिपी जेत्यांची, आणि शेवटी स्वतःच्या गावाचं नाव. इतकं सगळं एका दगडावर. 1908 साली त्याच माथ्यावरच्या एका मोठ्या इमारतीच्या अवशेषात उकुएतिस आणि त्याची जोडीदार देवी बेर्गुसिया यांना वाहिलेलं कांस्याचं भांडं सापडलं. तिथे धातुकामाच्या खुणाही होत्या. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की अलेसियात घोड्यांच्या साजाला चांदीचा मुलामा देत. दगडावरचे लोहार, भांडं आणि प्लिनी, तिघंही एकाच कारागिरांच्या वस्तीकडे बोट दाखवतात.

नाव कागदावरही तुटलेलं नाही. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात लिऑनच्या कॉन्स्टँशियसने ओसेरच्या बिशप जर्मानुसचं चरित्र लिहिलं. त्यात जर्मानुस प्रवासात अलेसियाच्या परिसरात सेनातोर नावाच्या धर्मगुरूकडे उतरतो. रात्री तो ज्या गवताच्या अंथरुणावर झोपला ते गवत घरातली बाई जपून ठेवते, आणि पुढे त्याच गवताने एका झपाटलेल्या माणसाला बरं वाटतं, असा प्रसंग आहे. नवव्या शतकात एरिक या ओसेरच्या भिक्षूने तेच चरित्र पद्यात रचलं. त्यात तो अलेसियाला थेट उद्देशून बोलतो आणि सीझरच्या छावण्यांची आठवण काढतो. म्हणजे हे गाव म्हणजे सीझरचं अलेसिया, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या कुणा पुरातत्त्वज्ञाची नव्हे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्या मुलखातल्या शिकलेल्या भिक्षूला ती माहीत होती.

आता अलिसियाचं आलीझ कसं झालं ते सावकाश पाहू, कारण गंमत इथेच आहे.

लॅटिनमध्ये शब्दाच्या शेवटी '-इसिया' किंवा '-एसिया' असेल, तर फ्रेंचपर्यंत येता येता त्याचं '-ईझ' होतं. 'एक्लेसिया' म्हणजे चर्च, त्याचं फ्रेंचमध्ये 'एग्लीझ' झालं. चेरीला उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'केरेसिया' म्हणत, तिचं 'सरीझ' झालं. 'कामिसिया' म्हणजे अंगात घालायचा सदरा, त्याचं 'शमीझ' झालं. हा शेवटचा शब्द आपल्या ओळखीचा आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते लॅटिन कामिसियातूनच अरबी कमीस आला, आणि आपला खमीस त्याचाच वंशज. तीनही शब्दांत शेवटचा 'या' विरला, मधला 'स' दोन स्वरांमध्ये सापडून 'झ' झाला आणि त्याच्या आधी 'ई' उभी राहिली. अलिसिया याच चाकोरीतून गेलं की बाहेर पडतं ते आलीझ. सीझर 'अलेसिया' लिहितो आणि दगडावर 'अलिसिइआ' आहे. या ए-ई च्या फरकानेही काही बिघडत नाही, कारण एग्लीझमध्येही मुळात 'ए' होता.

या नावाचा एक भाऊही आहे. तुम्ही ज्या प्रदेशातून गाडीने गेलात त्याचं नाव ओस्वा. लिहिताना त्यात 'क्स'चं अक्षर असतं, पण तिकडे म्हणतात ओस्वा. टेकडीचं नावही त्यावरूनच. हे नाव आलं 'पागुस अलिसिएन्सिस', म्हणजे 'अलिसियाचा परगणा', यातून. मूळ शब्द एकच, मग गावाच्या नावात 'ल' टिकला आणि परगण्याच्या नावात तो गेला कुठे?

हे सगळं आघाताने ठरलं. 'अलिसिया' म्हणताना जोर 'लि' वर पडतो. जोर असलेला स्वर सहसा पडत नाही, त्यामुळे 'ल' आणि 'स' यांच्या मध्ये 'ई' उभी राहिली. 'अलिसिएन्सिस' म्हणताना जोर पुढे 'एन्' वर सरकतो. मागचा 'इ' बिनजोराचा झाला आणि गळून पडला. 'ल' आणि 'स' एकमेकांना भिडले. आणि फ्रेंचच्या इतिहासात व्यंजनाच्या आधी आलेला 'ल' सरसकट 'उ' होतो. फ्रेंचच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे माहीत असतं, फक्त त्याला ते माहीत आहे हे माहीत नसतं: घोडा एक असेल तर 'शव्हाल', अनेक असतील तर 'शव्हो'. तिथेही 'ल' च्या पुढे 'स' आला आणि 'ल' विरघळला. पहाटेला लॅटिनमध्ये 'आल्बा' म्हणत, फ्रेंचमध्ये 'ओब' म्हणतात, तेही तसंच. तर 'अल्स'चं आधी 'अउस' आणि मग 'ओस' झालं, शेवटच्या '-एन्सिस'चं नेहमीप्रमाणे '-वा' झालं आणि ओस्वा तयार झालं. एकाच नावातून दोन शब्द निघाले. एकाने गाव धरलं, दुसऱ्याने मुलूख.

स्थलनामांच्या अभ्यासात अशी जोडी हाती लागणं हे मोठं भाग्य. एकटं नाव योगायोगाने जुळू शकतं. गाव आणि त्याभोवतीचा परगणा, दोन्ही नावं आपापल्या नियमाने एकाच मुळाशी पोचत असतील आणि त्याच टेकडीच्या माथ्यावर ते मूळ दगडात कोरलेलं मिळत असेल, तर त्याहून भक्कम पुरावा मी तरी कुठल्या गावासाठी मागणार नाही.

तरीही या गावाच्या ओळखीवरून फ्रान्समध्ये दीडशे वर्षं भांडण चाललं, आणि त्याची सुरुवात नावाच्या साधर्म्यातूनच झाली. इ.स.पू. 52 मध्ये सीझरने अलेसियाला वेढा घातला, आत गॉलचा, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा, सेनानी व्हर्सिंजेटोरिक्स होता, आणि अखेर तो शरण आला. सीझर स्वतःच्या वृत्तांतात सांगतो की त्याने शहराभोवती अकरा रोमन मैलांची आतली तटबंदी बांधली, आणि बाहेरून मदतीला येणाऱ्या सैन्याला थोपवायला चौदा मैलांची बाहेरची. म्हणजे साधारण 16 आणि 21 किलोमीटर. 1855 साली बझाँसोंचे वास्तुविशारद आल्फाँस दलाक्र्वा यांनी मांडलं की हे शहर बर्गंडीत नसून फ्राँश-काँतेमधल्या आलेझ नावाच्या खेड्याच्या जागी होतं. कानाला आलेझ हे आलीझपेक्षा अलेसियाच्या जवळचं वाटतं, हे खरं. ज्यूल किशेरासारखा नाणावलेला इतिहासकारही त्या बाजूने उभा राहिला. पुढे आलेस, आल्यूझ, नोव्हालेझ अशी अनेक गावं रांगेत आली, सगळी आवाजाने जवळची.

इथे कान फसवतो. वर पाहिलं की '-एसिया'चं फ्रेंचमध्ये नियमाने '-ईझ' होतं. जे नाव दोन हजार वर्षांनंतरही मूळ नावासारखं ऐकू येतं त्याच्याबद्दल उलट जास्त संशय घ्यावा, कारण बोलणाऱ्यांच्या तोंडी राहिलेलं नाव झिजतंच. हा माझ्या कामातला सगळ्यात उपयोगी नियम आहे.

अर्थात जागा फक्त नावाने सिद्ध होत नाही, तिला माती लागते. फ्रान्सचा बादशाह तिसरा नेपोलियन याने 1861 ते 1865 या काळात आलीझभोवती खोदकाम करवलं. रोमन खंदक, छावण्या, शस्त्रं, नाणी निघाली. 1865 मध्येच टेकडीच्या टोकावर एमे मिये याने घडवलेला व्हर्सिंजेटोरिक्सचा तांब्याच्या पत्र्याचा भव्य पुतळा उभा राहिला. तुम्ही तो लांबूनच पाहिला असेल. बादशाहाने करवलेलं खोदकाम म्हणून अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. 1960 च्या दशकात आंद्रे बेर्तिये यांनी सीझरच्या मजकुराशी नकाशे ताडून ज्युरामधल्या शो-दे-क्रोतने या जागेचा दावा केला, आणि त्याला आजही अनुयायी आहेत. पण रने गोगे यांनी विमानातून काढलेल्या छायाचित्रांत पिकांखालचे खंदक रेषेसारखे दिसले. मग 1991 ते 1997 या काळात मिशेल रेद्दे आणि सिग्मार फॉन श्नुर्बाइन यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच-जर्मन पथकाने पुन्हा खोदलं आणि तटबंदीची रचना नीट उलगडली. गोफणीचे शिशाचे गोळेही मिळाले आहेत, त्यांच्यावर सीझरचा उपसेनापती तितुस लाबिएनुस याच्या नावाची अक्षरं आहेत. माझ्या मते वाद तिथे संपला. 2012 मध्ये गावाखालच्या मैदानात जे गोल, लाकडी जाळीचं संग्रहालय उघडलं ते पाहिलं नसेल तर पुढच्या खेपेला जरूर पाहा.

आता दुसरा प्रश्न, अर्थाचा.

सगळ्यात जुनं स्पष्टीकरण ग्रीक आहे. इ.स.पू. पहिल्या शतकातला डिओडोरस लिहितो की हेराक्लीस, म्हणजेच हर्क्युलिस, आपल्या मोहिमेवरून या बाजूने गेला, त्याने इथे एक मोठं शहर वसवलं आणि आपल्या भटकंतीवरून त्याला अलेसिया नाव दिलं, कारण ग्रीकमध्ये 'आले' म्हणजे भटकणं. केल्टिक लोक या शहराला आपल्या साऱ्या देशाची चूल आणि मातृनगरी मानतात, असंही तो म्हणतो. व्युत्पत्ती म्हणून हे टिकत नाही. गॉलिश बोलणाऱ्यांनी डोंगरावरच्या आपल्या शहराला ग्रीक क्रियेवरून नाव देण्याचं काही कारण नव्हतं. पण अनोळखी नाव ऐकलं की ते आपल्या भाषेतल्या जवळच्या शब्दाला जोडायचं आणि मधली जागा एखाद्या वीराने भरायची, ही रीत किती जुनी आहे हे त्यातून कळतं. शिवाय सीझरच्या काळात या गावाचा बोलबाला ग्रीक लेखकापर्यंत पोचला होता, ही माहिती त्यात फुकट मिळते.

झाडाचं स्पष्टीकरण याहून खूपच वजनदार आहे. युरोपातल्या अनेक भाषांत 'अलिस-' सारख्या मुळातून आल्डर या झाडाची नावं आली आहेत. स्पॅनिशमध्ये आल्डरला आजही 'अलीसो' म्हणतात, जर्मनमधलं 'एर्ल' त्याच कुळातलं. फ्रेंचमध्ये 'आलिझिए' नावाचं एक वेगळं रानटी फळझाड आहे आणि त्याच्या फळाला 'आलीझ' म्हणतात. गावाच्या नावाशी हुबेहूब. तुम्हाला गावात भेटलेल्या गृहस्थांच्या डोक्यात बहुधा हे फळच असणार. अलीसोसारख्या शब्दांचा आधार घेतला तर अलिसियाचा अर्थ 'आल्डरची राई' असा काहीसा होतो. टेकडीच्या दोन बाजूंनी ओझ आणि ओझरँ या छोट्या नद्या वाहतात, सीझरनेही त्या दोन नद्यांची नोंद केली आहे. आल्डर ओलसर काठावरच वाढतो, तेव्हा झाड तिथे होतंच असणार.

कड्याचं स्पष्टीकरण असं: केल्टिकमध्ये खडक किंवा कडा या अर्थाचं एक मूळ होतं, प्राचीन आयरिशमधला 'आल' हा खडकाचा शब्द त्याच घरचा. अलिसिया म्हणजे मग 'कड्यावरची जागा'. मों ओस्वाचा माथा शंभरेक हेक्टरांचा, सपाट, आणि बराच भाग चुनखडीच्या उभ्या कडांनी वेढलेला. मैदानापासून तो दीडशेएक मीटर वर उठतो. खालच्या मैदानात उभं राहून वर पाहिलं की सगळ्यात आधी नजरेत भरतो तो हा खडकाचा पट्टा. सीझरही म्हणतो की जागा इतकी उंचावर होती की वेढ्यावाचून ती घेता येणं शक्य नव्हतं.

या बाजूने आणखी एक पुरावा मला महत्त्वाचा वाटतो. बर्गंडीत 'अलिसानोस' नावाच्या देवाचे लेख सापडले आहेत. दिजाँजवळच्या कुशे इथे मिळालेल्या धातूच्या पात्राच्या मुठीवर गॉलिशमध्येच लिहिलं आहे की सेगोमारोसचा मुलगा दोइरोस याने हे अलिसानोसला वाहिलं. हा 'कड्याचा देव' असू शकतो, तसाच तो सरळ 'अलिसियाचा देव' असू शकतो. दुसरं खरं असेल तर अर्थाच्या प्रश्नाला त्याची काही मदत होत नाही. पण उकुएतिसची जोडीदार बेर्गुसिया हिच्या नावात उंचवट्याचं, डोंगराचं मूळ दिसतं, आणि ती त्याच माथ्यावर पुजली जात होती. या परिसरात देवतांची नावं उंचीवरून पडत होती, एवढं त्यातून म्हणता येतं.

माझा कल कड्याकडे आहे. मूळ शहर माथ्यावर होतं, ओढ्याकाठी नव्हतं. वस्तीला नाव देणारे लोक आपण जिथे राहतो तिथली ठळक खूण पकडतात असं मी वारंवार पाहिलं आहे. तरी झाडाचा अर्थ खोडून काढण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. 'इथे कडा आहे, म्हणून नाव कड्यावरून' असं म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं की त्या भागातल्या प्रत्येक टेकडीला कुठे ना कुठे कडा आहे आणि प्रत्येक ओढ्याला आल्डर. भूगोल अर्थाला साथ देतो, तो सिद्ध करत नाही. झाडवाले आणि कडावाले परत भेटले तर दोघांनाही सांगा की त्यांचं म्हणणं आदराने ऐकण्यासारखं आहे.

सँत रेनची गोष्ट वेगळी आणि सोपी. ती राणी नव्हती. लॅटिन 'रेजिना'चा अर्थ राणी होतो, पण इथे ते मुलीचं नाव आहे, आपल्याकडे राणी नावाच्या मुली असतात तसं. मधला 'ज' झिजून रेजिनाचं फ्रेंचमध्ये रेन झालं. आख्यान असं की तिसऱ्या शतकात ती याच गावात जन्मली. आई लगेच गेली, वडील जुन्या देवांना मानणारे, दाईने तिला ख्रिस्ती संस्कारात वाढवलं. ओलिब्रियुस नावाच्या रोमन अधिकाऱ्याला तिच्याशी लग्न करायचं होतं. ती धर्म सोडेना, तेव्हा तिचा छळ करून शिरच्छेद केला, आणि जिथे तिचं मस्तक पडलं तिथे झरा फुटला. तो झरा गावात अजून दाखवतात. तिचा सण 7 सप्टेंबरला असतो, आणि त्या सुमाराला गावात मिरवणूक निघते, तिच्या हौतात्म्याचं नाटक गावकरीच करतात.

हे चरित्र जसंच्या तसं इतिहास म्हणून घेऊ नका. अँटिओकच्या संत मार्गारेटच्या आख्यानाशी ते खूपच मिळतं, तिथेही खलनायकाचं नाव ओलिब्रियुसच आहे. लिहिणाऱ्याने ओळखीचा साचा वापरला हे उघड आहे. पण म्हणून रेन नावाची कुणी पूज्य स्त्री इथे नव्हतीच असं म्हणणंही घाईचं होईल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माथ्यावरच्या खोदकामात रोमन काळाच्या अखेरची शिसं-कथलाची भांडी मिळाली. त्यावर माशाचं ख्रिस्ती चिन्ह आहे आणि 'रेजिना' ही अक्षरं कोरलेली आहेत. ही भांडी तिच्या पूजास्थानाची की रेजिना नावाच्या कुणा साध्या बाईची, हे भांडी सांगत नाहीत. नाव मात्र त्या टेकडीवर चरित्र लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधीपासून होतं.

मग तिचं नाव गावाच्या नावाला का चिकटलं? कारण मध्ययुगानंतर गाव जगलं ते तिच्या यात्रेवर. माथ्यावरचं जुनं शहर ओस पडलं, लोक उतरून उतारावर आले, आणि अलेसियाची कीर्ती भिक्षूंच्या पोथ्यांपुरती उरली. पाय थकलेल्या, कातडीच्या रोगांनी पिडलेल्या यात्रेकरूंना सीझरशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना सँत रेनच्या झऱ्याचं पाणी हवं होतं. सतराव्या शतकात ही यात्रा इतकी वाढली की गरीब आजारी यात्रेकरूंसाठी गावात रुग्णालय उभारावं लागलं. त्याला गरिबांच्या सेवेसाठी ओळखले जाणारे धर्मगुरू व्हँसाँ द पोल यांचा पाठिंबा होता. मोठ्या यात्रेच्या गावात नेहमी होतं तेच झालं: लोक संताच्या नावाने गाव ओळखू लागले आणि जुनं नाव आधी येऊन मागे संतनाम जोडलं गेलं. गावाच्या पॅरिश चर्चचं नाव मात्र संत लेजेचं आहे, रेनचं नाही. गावाचं नाव आणि चर्चचं नाव एकच असेल असं गृहीत धरून चुकणारे बरेच भेटतात, म्हणून सांगितलं.

जाता जाता, दुसऱ्या एखाद्या फ्रेंच गावाच्या नावामागे लागायचं असेल तर पाटीवरच्या आजच्या रूपावर विचार करत बसू नका. त्या गावाचं सगळ्यात जुनं लिहिलेलं रूप आधी शोधा. फ्रान्सच्या बऱ्याच जिल्ह्यांसाठी स्थलनामांचे कोश आहेत. त्यात प्रत्येक गावाखाली वर्षांनुसार जुनी रूपं दिलेली असतात, आणि बरेचसे आता नेटवर फुकट वाचता येतात. अठराव्या शतकातले कासिनीचे नकाशेही नेटवर आहेत. आजचं रूप 'आलीझ' पाहून फळाकडे धावणारा माणूस आणि 'इन अलिसिइआ' पाहून थांबणारा माणूस, यांच्या हाती पूर्णपणे वेगळी उत्तरं लागतात.

आता राहिलं फ्लाविन्यी. त्याच्या नावाचा आलीझच्या नावाशी काही संबंध नाही. जुनं रूप 'फ्लाविनियाकुम', म्हणजे फ्लाविनियुस नावाच्या कुणा रोमन काळातल्या जमीनदाराचं शेतघर. माणसाच्या नावाला '-आकुम' हा गॉलिश मुळाचा प्रत्यय लावून वतनाचं नाव करायची पद्धत रोमन गॉलमध्ये सर्रास होती. उत्तरेत त्या प्रत्ययाचं '-ई' झालं, दक्षिणेत '-आक' राहिलं. म्हणून एकाच साबिनियाकुमपासून उत्तरेत साविन्यी आणि दक्षिणेत साविन्याक अशी गावं दिसतात. नकाशावर '-न्यी' ने संपणारी इतकी गावं का, हे तुम्हाला प्रवासात वाटलं असेल, तर त्यातल्या बऱ्याचशा गावांचं उत्तर हेच.

नावाचा संबंध नसला तरी दोन्ही गावांचा संबंध आहे, आणि तो सँत रेनमुळेच. फ्लाविन्यीत आठव्या शतकात मठ स्थापन झाला. 864 साली तिथले मठाधिपती एजिल यांनी रेनचे अवशेष आलीझहून उचलून आपल्या मठात नेले. झरा आणि यात्रा आलीझकडे राहिली, अस्थी फ्लाविन्यीकडे गेल्या, आणि खऱ्या सँत रेनवर हक्क कुणाचा यावरून दोन गावांत पुढे शतकानुशतकं चढाओढ राहिली. फ्लाविन्यीच्या जुन्या मठात आज बडीशेपेच्या पांढऱ्या गोळ्या बनतात. आलीझहून तिथे जाणारा रस्ता जेमतेम काही किलोमीटरचा आहे. त्या रस्त्याने गेलात तर मागे वळून पाहा, मों ओस्वाचा कडा तिथूनही दिसतो, आणि मी त्याच्या बाजूने मत का दिलं ते स्वतः पडताळून पाहता येईल.